ड्रिपवाले, इंजेक्शनवाले आणि दादाचा गुडघा

पुण्याहून परत आले तर शेजारच्या काकूंनी विचारलं, "आठवडाभर होतात, काय काय बघितलंत?" मी एक सलाईनचं स्टँड बघितलं. त्याच्याभोवती वाद घालणारी माणसं बघितली. आणि हडपसरच्या रस्त्यावर एका टेम्पोची मागची बाजू बघितली, ती इतका वेळ की तिच्यावरचा मजकूर मला अजून पाठ आहे. याला प्रवास म्हणायचं असेल तर हे त्याचं वर्णन.

गेले होते थोरल्या भावाला बघायला. दादा ऐन तारुण्यात नोकरीसाठी मिरजेहून पुण्याला गेला, एका सरकारी कचेरीत नकाशे काढत निवृत्त झाला आणि आता कर्वेनगरात राहतो. एका सकाळी तो बाथरूममध्ये चक्कर येऊन पडला. दवाखान्यात नेल्यावर कळलं की दोन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं आणि यानं कुणाला सांगितलं नव्हतं. घशातून दुर्बीण घातली तेव्हा पोटात जखम सापडली, अल्सर, त्यातून रक्त येत होतं. वहिनींनी फोनवर एवढंच सांगितलं, "वन्सं, तुम्ही या. तुम्हाला औषधांतलं कळतं."

माझं मिरजेत औषधांचं दुकान आहे. ॲसिडिटीच्या गोळ्या मी फुटाण्यासारख्या विकते. आमच्या गावाला दोन राज्यांतून पेशंट येतात. स्टेशनवर उतरलेल्या माणसाला रिक्षावाला पत्ता विचारत नाही, "कुठला डॉक्टर?" असं विचारतो आणि दारात नेऊन सोडतो. तशा गावची मी, पुण्यात उतरून रिक्षावाल्याला म्हटलं, "कर्वेनगरला येणार का?"

"नाही."

"का हो?"

"मी तिकडे राहत नाही," तो म्हणाला आणि पेपर वाचायला लागला.

कर्वेनगर

दादाच्या घरी जायचं म्हणजे कांदा-लसणाची चटणी न्यायची, हा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. गडबडीतही मी बरणी घेतली होती. वहिनींनी ती दोन बोटांनी उचलली आणि सगळ्यात वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे ठेवली.

"ह्यांचं सगळं याच्यामुळे झालं," त्या म्हणाल्या.

"वहिनी, चटणीनं असला अल्सर होत नाही. बहुतेक वेळा पोटातल्या एका जंतूनं होतो, नाहीतर दुखण्याच्या गोळ्यांनी."

"ते पुस्तकात असेल."

"दादा दुखण्याच्या गोळ्या घ्यायचा का?"

"गुडघ्यासाठी घ्यायचे अधूनमधून. पण त्या डॉक्टरांनी बंद केल्यात आणि आता दवाखान्यात कुठून घेणार? तुम्ही जेवून घ्या."

चोर सोडून संन्याशाला फाशी ती अशी. आमच्या गल्लीत ही चटणी खाऊन नव्वदीला पोचलेली माणसं आहेत, पण मी वाद घातला नाही, कारण ताटात आमटी आली होती. पुण्याच्या आमटीत गूळ असतो हे मला माहीत आहे. तरी दर वेळी पहिल्या घासाला वाटतं की चुकून खिरीत डाळ पडली असावी. वहिनी समोर बसून विचारत होत्या, "तिखट झालीय का?" मी नाही म्हणाले, आणि हे आमच्यातलं त्या दिवसाचं शेवटचं एकमत होतं.

दवाखाना

दादा खाटेवर उशीला टेकून बसला होता. चेहरा पांढरा पडलेला, पण दाढी केलेली. उशाशी घडी घातलेलं वर्तमानपत्र आणि चष्म्याचं घर.

"कसा आहेस?" मी विचारलं.

"आहे."

हे त्याचं ठरलेलं उत्तर. लहानपणी झाडावरून पडून हात मोडला होता तेव्हाही वडिलांना त्यानं हेच सांगितलं होतं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "भेटायच्या वेळा ठरलेल्या, जेवण बेचव, दारावर पहारेकरी. येरवड्याला निदान काम तरी देतात."

त्याचं सोडून बाकी सगळ्यांचं लक्ष एका गोष्टीवर होतं, ती म्हणजे खाटेशेजारचं रिकामं स्टँड. आला तेव्हा त्याला आम्ल दाबायचं औषध पंपावर लावलं होतं, थेंब थेंब, अखंड. दुर्बिणीतून जखमेवर चिमटा लावून झाला आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पंप काढला. आता तेच औषध सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनानं चालू होतं. यावरून घरात दोन पक्ष पडले होते. वहिनी आणि त्यांचा मुलगा निखिल हे ड्रिपवाले. इंजेक्शनवाल्यांत डॉक्टर एकट्याच होत्या. मी आल्यावर दोन्ही बाजू माझ्याकडे बघायला लागल्या.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या, बोलणं तुटक पण सरळ. म्हणाल्या, "पोटात आम्ल असलं की रक्ताची गुठळी टिकत नाही. म्हणून आम्ल दाबायचं, म्हणजे जखमेला धरायला उसंत मिळते. पहिला डोस मोठा द्यायचा. त्यानंतर अखंड पंप ठेवा किंवा ठरावीक वेळानं इंजेक्शन द्या. दोन्हींची तुलना करून बघितलेली आहे. थांबून थांबून दिल्यानं काही कमी पडतं असं दिसलेलं नाही."

"पण मॅम, continuous is continuous ना," निखिल म्हणाला. तो हडपसरला एका आयटी कंपनीत आहे आणि दोन दिवस ऑफिसचं काम सोडून हेच वाचत बसला होता. "मध्ये गॅप पडला की ॲसिड परत वर जाणार. It's logical."

"लॉजिकल आहे," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणूनच तर तपासून बघावं लागलं."

मी डॉक्टरांच्या बाजूनं मान हलवली. वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चटणीची आणखी एक बरणी काढली होती.

भेटायला येणाऱ्यांचं तर विचारू नका. आमच्याकडे पेशंटला भेटायला येणारा माणूस डबा आणतो आणि गप्प बसतो. पुण्यात तो हात हलवत येतो आणि मत देऊन जातो. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, आमच्या मेव्हण्याला तीन दिवस ड्रिप होती, हे लोक आजकाल टाळाटाळ करतात. त्यांच्या पत्नींनी थंड दुधाचा आग्रह धरला. निवृत्त प्राध्यापक असलेले शेजारी इंजेक्शनाच्या बाजूचे निघाले, पण दोन नव्हे, चार वेळा द्यावं असं त्यांचं म्हणणं पडलं. ते कशाचे प्राध्यापक होते ते विचारलं तर भूगोलाचे. यातल्या एकानंही दादाला काही विचारलं नाही. तो मध्ये पडून होता आणि चर्चा त्याच्यावरून इकडून तिकडे चालली होती.

गप्प बसणारा एकच माणूस आला. तात्या. कर्वेनगरच्या जुन्या शेतकरी घराण्यातले. दादाची सोसायटी उभी आहे ते त्यांचंच पूर्वीचं शेत. दोघं रोज पहाटे मिळून टेकडीवर फिरायला जातात. तात्यांनी वर्तमानपत्राची घडी दादाच्या हातात दिली, पायाशी थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "बरं वाटतंय नव्हं? मग झालं." एवढं बोलून गेले. मला फार बरा वाटला तो माणूस.

डॉक्टर फेरीला आल्या की विचारायच्या, "काका, कुठे दुखतंय का?" दादा सांगायचा, "नाही." डॉक्टर तसं लिहून पुढे जायच्या.

हडपसर

निखिलनं शेवटी ठरवलंच. त्याच्या ऑफिसजवळच्या दवाखान्यात तीन दिवस अखंड पंप ठेवतात म्हणे, तर बाबांना तिकडे हलवायचं. "आत्या, तू फक्त बघून ये. तुझं ओपिनियन महत्त्वाचं आहे."

माझं ओपिनियन मी आधीच दिलं होतं, पण ते त्याला चालणारं नव्हतं म्हणून ते अजून धरलेलं नव्हतं. आजारी माणूस कर्वेनगरात आणि आम्ही निघालो हडपसरला, आग सोमेश्वरी बंब रामेश्वरी. गाडीत निखिल मला औषधाचे डोस समजावून सांगत होता. मी ते औषध तो शाळेत जात होता तेव्हापासून विकते आहे. गाडी हलत नव्हती. पुढे तो टेम्पो होता, कांद्याच्या गोण्यांनी भरलेला, आणि मागे लिहिलं होतं, 'घाई कशाला, पोचणार आहे.' तो पोचला असेल तर मला आश्चर्य वाटेल.

हडपसरच्या मंडईजवळून जाताना पेरू, दुचाक्या, बस आणि लग्नाचा घोडा हे सगळं एकाच रस्त्यावर एकाच वेळी होतं. दवाखाना मात्र चकचकीत. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आम्ही पंप ठेवतो, ती आमची पद्धत आहे. त्यांची पद्धतही चुकीची नाही. पेशंट स्थिर असेल तर कशाला हलवताय?" हे ऐकण्यासाठी आम्ही अर्धं पुणं ओलांडलं होतं. परतीच्या वाटेवर निखिल म्हणाला, "ते diplomatic बोलत होते." मी खिडकीतून तो टेम्पो शोधायला लागले.

परत दवाखान्यात

निखिल गाडी लावायला जागा शोधत राहिला आणि मी एकटीच वर आले. वहिनी औषध आणायला खाली गेलेल्या. दादाच्या खाटेभोवतीचा पडदा ओढलेला होता. आतून 'टक्' असा आवाज आला.

ज्याचं आयुष्य गोळ्यांच्या पट्ट्यांत गेलं त्याला तो आवाज चुकत नाही. दवाखान्यात गोळी नर्स देते, वाटीत. पट्टी पेशंटच्या हातात नसते. मी पडदा सारला. दादाच्या हातात चष्म्याचं घर होतं आणि तो पाणी पीत होता.

"काय घेतलंस?"

"बडीशेप."

"बडीशेपेचा असा आवाज होत नाही." मी चष्म्याचं घर हातातून काढून घेतलं. आत चष्म्याखाली पट्टी, दुखण्याच्या गोळीची, तीच जी बंद केली होती. अर्धी संपलेली.

मी पट्टी त्याच्यासमोर धरली. "दादा, हिच्यानं तुझ्या पोटाला भोक पडायची वेळ आली. डॉक्टरांनी बंद केली होती ना?"

"पोटासाठी बंद केली होती," तो म्हणाला. "ही गुडघ्यासाठी आहे."

"तोंड एकच आहे ना तुला?"

"आवाज चढवू नकोस. मी विचार करून घेतो. इंजेक्शन झालं की लगेच घेतो. तेव्हा त्या औषधाचा जोर असतो, पोटाला संरक्षण असतं. मधल्या वेळात घेत नाही."

म्हणजे वरती दोन पक्ष अखंड की थांबून थांबून यावर डोकं फोडत होते, आणि खाली खाटेवर यानं स्वतःची तिसरी पद्धत काढली होती. आरेखन केल्यासारखी नीट, वेळेवर आणि संपूर्ण मूर्खपणाची. मला त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. धाकट्या बहिणीला तशी सोय नसते.

"मी डॉक्टरांना सांगणार आहे."

"सांगायचं नाही. तुझ्या वहिनीलाही नाही, निखिललाही नाही."

"का?"

"सांगितलंस तर परत माझ्या घरी येऊ नकोस," तो म्हणाला. दादा पोकळ धमकी देत नाही. शाळेतल्या मित्राशी एकदा बोलणं सोडलं होतं ते अजून सोडलेलं आहे.

मी उत्तर देणार तोच त्याच्या कपाळावर घाम दिसला. "जरा बाथरूमला..." म्हणत तो उठला आणि माझ्या खांद्यावरच कलला. नर्स धावल्या. चादर बदलायला घेतली तेव्हा वासावरूनच कळलं, परत रक्त जात होतं.

डॉक्टर आल्या, वहिनी आल्या, निखिल आला. दादाचा रक्तदाब खाली गेला होता. त्याला पुन्हा दुर्बिणीसाठी न्यायची तयारी चालली असताना निखिलचा आवाज वाढला.

"मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, ड्रिप काढायला नको होती. This is on you, मॅम. आता इथे थांबायचंच नाही. मी हडपसरहून ॲम्ब्युलन्स बोलावतोय."

"या अवस्थेत हलवू नका," डॉक्टर म्हणाल्या. "रस्त्यात रक्तस्राव वाढला तर कुणाला काही करता येणार नाही."

"इथे तरी काय केलंत?" वहिनी म्हणाल्या. त्या रडत होत्या.

निखिलनं फोन कानाला लावला. मला तो टेम्पो दिसला. त्याच्यामागे अडकलेली ॲम्ब्युलन्स आणि तिच्यात पांढराफटक दादा. दादानं मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि मान किंचित हलवली, नको म्हणून.

मी पट्टी डॉक्टरांच्या हातात ठेवली. "हे चष्म्याच्या घरात होतं," मी म्हटलं. "आल्यापासून घेतोय. निखिल, फोन ठेव."

निखिलनं फोन खाली घेतला. दादानं डोळे मिटले. मला त्याचा फार राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, आणि त्याला आत नेलं तेव्हा त्याच्या पायांवरचं पांघरूण नीट करायलासुद्धा माझा हात पुढे झाला नाही.

डॉक्टर बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. रक्त थांबलं होतं. "या गोळ्यांमुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "सगळं नीट करूनही काही जणांना परत रक्तस्राव होतो. पण हे पोटात जात असताना मी पंप लावला काय आणि इंजेक्शन दिलं काय." मग त्यांनी सांगितलं, "आता पुढचे काही दिवस पंपच ठेवते."

"बघ आत्या," निखिल हळूच म्हणाला, "शेवटी पंपच लावला ना."

मी त्याला चहा आणायला पाठवलं.

फाटकापाशी

दुसऱ्या दिवशी तात्या आले तेव्हा मी दवाखान्याच्या फाटकाशीच उभी होते. त्यांच्या हातात वर्तमानपत्राची घडी, बाहेरून दादाच्या उशाशी पोचणारी एकमेव वस्तू. मी हात पुढे केला. त्यांनी निमूटपणे दिली. आत नवी पट्टी होती.

मी मनात रागाचं सगळं वाक्य जुळवून आले होते. काय झालं ते सांगितल्यावर तात्या फाटकाला धरून उभे राहिले.

"म्या इख आणून दिलं व्हय त्याला?" ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"त्यो म्हणला, गुडघ्याची हाय, घरचे आणायला इसरत्यात. मला वाटलं खरंच आसंल. लई दुखतंय ताई त्याचं. टेकडीवर अर्ध्यात बसतो आन् म्हणतो, हवा बघतोय. रोजच हवा बघतोय. जिना उतरताना आडवा होऊन उतरतोय."

"आम्हाला कधी बोलला नाही."

"मला तरी कुठं बोललाय? म्या बघतोय नव्हं का."

त्यांना आत यायचं नव्हतं. मीच हाताला धरून वर नेलं. दादानं त्यांना बघितलं, त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघितलं, आणि पाय सरकवून बसायला जागा करून दिली. माझ्याकडे बघितलं नाही.

घरी जायच्या दिवशी डॉक्टरांनी आम्ल दाबायची गोळी लिहून दिली, काही आठवडे, जेवणाआधी अर्धा तास. पोटात जंतू आहे का याचा तपास यायचा होता. आणि मी सांगितल्यावरून गुडघ्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांचं नाव दिलं, पोटाला न दुखवणारं औषध दिलं. डॉक्टर म्हणाल्या, "काका, मी रोज विचारत होते, कुठे दुखतंय का." दादा म्हणाला, "मला वाटलं पोटाचं विचारताय."

मी निघाले तोवर तो माझ्याशी एक शब्दही बोलला नव्हता. वहिनींनी मला डबा दिला आणि वरच्या फळीवरची चटणीची बरणीही खाली काढली. मला वाटलं परत देतायत. पण बरणी अर्धी रिकामी होती.

"दवाखान्यातून आल्यावर मला नुसता भात जात नव्हता हो," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी मोठी आणा."

पुढची वेळ आहे की नाही ते दादानं सांगितलेलं नव्हतं. दाराशी मी म्हटलं, "येते." तो वर्तमानपत्र वाचत होता. त्यानं पान उलटलं.

मिरज

परत येऊन दुकान उघडलं. मी आल्या दिवसापासून वहिनींना फोन करून चौकशी करत होते, दादा फोन घेत नव्हता. काल दुपारी जेवणाच्या आधी वहिनींचाच नंबर दिसला. उचलला तर पलीकडे नुसता श्वास. मला कळलं कोण आहे ते.

"कसा आहेस?" मी विचारलं.

"आहे. गोळी घेतली. अर्धा तास आधी. तू चौकशी करतेस म्हणून सांगितलं."

आता तो फोन ठेवणार होता. मी म्हटलं, "दादा, गुडघा कसा आहे?"

मला वाटलं, ठेवला फोन.

"दुखतोय," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. "कुठं? नीट सांग," मी म्हटलं. आणि तो सांगायला लागला. आतल्या बाजूनं, जिना उतरताना जास्त, पहाटे तर पाय टेकवतच नाही. दुकानात गिऱ्हाईकं खोळंबली होती. मी हातानंच त्यांना थांबायला सांगितलं आणि स्टूल ओढून बसले.